तळघरातला पांढरा गाळ

शकुनताईंनी तळघराची भिंत चाटून पाहिली तेव्हा त्यांना बासष्टावं लागलं होतं आणि समोर दोन पुरुषमाणसं उभी होती. एक त्यांचे धाकटे दीर अजेय, दुसरा सौरभ मिस्त्री. दोघांनीही एकदमच दुसरीकडे पाहिलं.

"खारट नाहीये," शकुनताई म्हणाल्या.

"बौदी, ये नोना है," वहिनीला बंगालीत बौदी म्हणणारा सौरभ समजुतीच्या सुरात म्हणाला. "पुराना मकान, पुराना ईंट. दीवार से नमक निकलता है."

"नमक है तो नमक जैसा लगना चाहिए ना? तुम भी चखो."

सौरभने एक पाऊल मागे घेतलं.

शकुनताईंनी कलकत्त्यात, घराजवळच, बालीगंजच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी चौकशीची खोड काही सुटली नव्हती. घर पूर्ण शाकाहारी, तरी बाजारात मासेवाल्यापुढे उभं राहून प्रत्येक माशाचं नाव आणि गाव विचारल्याशिवाय त्यांची भाजीखरेदी पूर्ण होत नसे. मासेवालाही आता त्यांना पाहिलं की आपणहून सांगायला लागायचा.

तर तळघरात पाणी फाल्गुनापासून येत होतं. वैशाख संपत आला, आभाळातून टिपूस नाही, आणि उत्तरेकडची भिंत मात्र जमिनीपासून दोन वीत ओली. तिच्या पायथ्याशी पाण्याची बारीक रेघ साचायची आणि पाणी सुकलं की मागे पांढुरकी साय उरायची. सौरभच्या मते ती साय म्हणजे नोना आणि पाणी म्हणजे जुनं तळं. "इधर सब पुकुर था, बौदी. पुकुर भरके मकान बना." बालीगंजमध्ये कुठेही भिंत ओली झाली की हेच सांगितलं जातं, आणि ते पुष्कळदा खरंही असतं.

या तळघरात गणपती होत. शकुनताईंचे सासरे पेणहून नोकरीसाठी कलकत्त्याला आले, फोर्ट विल्यममधल्या एका कचेरीत कारकून झाले आणि इथे मनासारखा गणपती मिळेना म्हणून स्वतःच घडवायला बसले. लहानपणी गावच्या कारखान्यात हात चिखलात घातलेले होतेच. पुढे थोरल्या मुलाने, म्हणजे शकुनताईंच्या नवऱ्याने, श्रीधररावांनी, बँकेची नोकरी सांभाळून ते काम उचललं. शहरात मूर्तिकारांना तोटा नाही, पण मराठी माणसाला हवा पाटावर ऐसपैस मांडी घालून बसलेला, पितांबर नेसलेला, शाडूचा गणपती. बदलीवर आलेले बँकवाले, किल्ल्यातले लष्करी अधिकारी, तीन पिढ्या इथेच रुजलेली घरं, अशा चोवीस कुटुंबांचे गणपती याच तळघरातून जात. माती दर चैत्रात पेणहून पोत्यांनी येई.

शाडूला सावकाश वाळावं लागतं. वर एक वर्ष करून पाहिलं होतं. पंख्याचा वारा आणि कलकत्त्याची धग लागून अकरा गणपतींचे कान पडले. अर्धं जमिनीत गेलेलं, रस्त्याच्या पातळीला दोन बुटक्या खिडक्या असलेलं हे गार तळघर मूर्तीला मानवायचं.

यंदा अक्षय्य तृतीयेला बसवलेली पहिली मूर्ती तीन आठवडे झाले तरी वाळली नाही. श्रीधररावांनी तिच्या पाठीला अंगठा लावला तर ठसा उमटला. दोन दिवसांनी ती पाटावरच खाली बसली, पोट मांडीवर आलं. अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने तिचा गोळा केला आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवला. या चार महिन्यांच्या कामासाठी श्रीधरराव उरलेले आठ महिने कसेबसे ढकलतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि अजेयभावजींनी तर तारीखच सांगितली. ते वरच्या मजल्यावर राहत, सरकारी कंपनीतून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय बोलत नसत आणि बोलल्यावर कुणाचं ऐकत नसत. "वहिनी, एक जूनला दोन ट्रक राबिश, विटांचा चुरा, येतंय. पावसाच्या आत तळघर भरून टाकायचं, वर काँक्रीट. पाया खचला तर दादाचे गणपती कुठे आणि आपण कुठे!"

"पंधरा दिवस आहेत ना अजून?" शकुनताईंनी विचारलं.

"चौदा," भावजी म्हणाले.

चौदा तर चौदा. शकुनताईंनी शाळेतली जुनी वही काढली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: हे पाणी कुठलं?

पहिल्या दिवशी त्यांनी ओल्या भिंतीवर प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने चारी बाजूंनी घट्ट बसवला. दुसऱ्या दिवशी थेंब कागदाच्या आतल्या बाजूला. म्हणजे ओल हवेतली नाही, भिंतीतूनच येते आहे. तिसऱ्या दिवसापासून त्या दर दोन तासांनी खाली जाऊन ओलाव्याच्या कडेवर खडूने रेघ मारायला लागल्या, शेजारी वेळ. श्रीधरराव ओट्यावर बसून पाहत असत. "आता भिंतीची परीक्षा घेणार का?" एवढंच ते एकदा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते आपणहून बोलले म्हणून शकुनताईंना बरं वाटलं.

चार दिवसांच्या रेघा पाहून मात्र त्या चक्रावल्या. पाणी रोज सकाळी अकरानंतर चढत होतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत होतं. पुरून टाकलेल्या तळ्याला वेळापत्रक कोण देणार? सौरभला रेघा दाखवल्या तेव्हा तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला आणि शेवटी म्हणाला की पुकुर जुना असला की असं होतं.

मग ती साय. शकुनताईंनी ती उलथन्याने खरवडली, ताटलीत घालून गच्चीवर वाळवली. शेजारी दुसऱ्या ताटलीत तुळशीच्या कुंडीतली गंगेची माती ठेवली. संध्याकाळी दोन्ही ताटल्या मांडीवर घेऊन त्या बसल्या. गंगेची माती तपकिरी, रवाळ. ही पांढुरकी, पिठाहून मऊ. चिमटीत चोळली आणि हात तिथेच थांबला. सदतीस वर्षं नवऱ्याच्या सदऱ्यांच्या बाह्यांतून हीच माती त्या धुऊन काढत आल्या होत्या. हा शाडू होता.

त्या तशाच खाली धावल्या. यंदाची पोती दक्षिणेच्या भिंतीशी, लाकडी फळ्यांवर, तोंडं बांधलेली, कोरडी ठणठणीत. सांडलेली माती भिंतीत दोन वीत चढणार तरी कशी? आणि साय विटांच्या सांध्यांतून, बाहेरून आत येत होती. बालीगंजच्या जमिनीत पेणची माती! त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं आणि श्रीधररावांनी ती मुकाट्याने खाल्ली.

उत्तरेच्या भिंतीपलीकडे मागचं अंगण आणि चार पावलांवर विहीर. तिच्यावर लोखंडी जाळी, आणि ती जाळी उघडायची वर्षातून एकदा, अनंत चतुर्दशीला. मातीचा देव गर्दीत नेऊन नदीत ढकलायचा नाही, घरच्या पाण्यात सोडायचा, हा सासऱ्यांचा नियम. पुढे चोवीसही कुटुंबं आपापले गणपती घेऊन इथेच यायला लागली. अंगणात रांग लागे, आरत्या होत, खिरापत वाटली जाई. विसर्जन झालं की विहिरीच्या काठची चिमूटभर माती पाटावर घेऊन जो तो घरी परते. शकुनताई दरवर्षी आरतीचं ताट धरून कठड्याशी उभ्या असत.

विहिरीचं पाणी अलीकडे अगदी हाताशी आलं होतं. सगळे म्हणत, बाप्पाची कृपा. शकुनताईही म्हणत.

सातव्या दिवशी त्यांनी जाळी सरकवली, वरवंट्याला दोर बांधला आणि विहिरीत सोडला. आपल्या लहानपणी तळ गाठायला अठरा हात दोर लागायचा, असं श्रीधररावांनी शंभर वेळा सांगितलं होतं. वरवंटा सहा हातांवर टेकला. वर ओढला तर त्याच्यावर पांढुरका, गुळगुळीत लेप.

शकुनताई कठड्यावर बसल्या. गणपती पाण्यात विरघळतो, म्हणजे जातो कुठे? नदी गाळ आणते, वेग मंदावला की तो खाली बसतो, थरावर थर चढतो आणि आख्खा बंगाल तयार होतो, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. बारीक माती तळाशी बसली की पाणी खाली मुरत नाही, बाजूला वाट काढतं, हा तर त्यांचा परीक्षेतला आवडता प्रश्न. आणि स्वतःच्या अंगणात वर्षाला चोवीस गणपती डोळ्यांदेखत विरघळताना त्यांना एकदाही हा प्रश्न पडला नव्हता. त्यांना खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात वरून धो धो आवाज आला. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, आणि वाहतं पाणी भिंतीवरच्या पाइपातून सरळ विहिरीत पडत होतं. शकुनताईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा.

हा पाइप अजेयभावजींचा. वाया जाणारं पाणी जमिनीत मुरवावं म्हणून आठ वर्षांपूर्वी त्यांनी तो मोठ्या अभिमानाने बसवला होता. टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट फाल्गुनात मोडला, त्याला नवा आणायचं रोज उद्यावर जात होतं.

तरी शकुनताई घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी किराणावाल्याकडून कपड्यांना घालायच्या निळीच्या सहा बाटल्या आणल्या. एवढी नीळ कशाला, असं त्याने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "विहीर धुवायची आहे." आठव्या दिवशी सकाळी सहाही बाटल्या त्यांनी विहिरीत रिकाम्या केल्या आणि तळघरात वेताचा मोडा टाकून बसल्या. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, खडूच्या रेघेखाली, विटांच्या सांध्यातून फिकट निळा ओघळ उतरला.

शकुनताईंनी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मग हात थांबले. आता हे यांना सांगायचं कसं?

सांगितलं नाही तर एक तारखेला राबिश येणार. सांगितलं तर त्या माणसाला कळणार की त्याचं तळघर त्याच्याच हातांनी बुडवलं आहे. वर्षभरात ज्या एका गोष्टीचा अभिमान वाटायचा, नेमकी तीच.

त्यांना फार वेळ मिळाला नाही. श्रीधरराव हात धुवायला बादली घेऊन खाली उतरले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

"निळं कशाने झालं?"

शकुनताईंनी वही उघडली आणि पहिल्या पानापासून सगळं सांगितलं. प्लॅस्टिक, रेघा, साय, वरवंटा. फक्त पाइपाचं सांगितलं नाही.

"म्हणजे माझ्याच गणपतींनी केलं हे," श्रीधरराव म्हणाले.

"तुमच्या, मामंजींच्या आणि माझ्यासुद्धा. मी ताट धरून उभी होते ना."

ते आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग बादली तिथेच ठेवून वर गेले, खोलीत जाऊन पडले. चारचा चहा टाकला होता, तो निवून गेला. लग्नाच्या सदतीस वर्षांत श्रीधररावांनी भांडणाच्या दिवशीसुद्धा चहा सोडला नव्हता.

शकुनताई तडक वरच्या मजल्यावर गेल्या. अजेयभावजींनी वही दोनदा वाचली, टेप घेऊन अंगणात गेले, विहिरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं, विहिरीतलं निळं पाणी पाहिलं. मग मान वर करून पाइपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे दादाला सांगितलंत?"

"विहिरीचं मी सांगितलंय," शकुनताई म्हणाल्या. "पाइपाचं तुम्ही सांगा."

भावजींनी टेप गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. एवढ्या वर्षांत त्यांना चूक कबूल करायची सवयच राहिली नव्हती. पण गेले ते. शकुनताई दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि आपण चोरून ऐकत नाही आहोत अशी स्वतःची समजूत घालत ऐकू लागल्या.

"दादा," भावजी पलंगाशी उभे राहून म्हणाले, "तू तीस-चाळीस वर्षं खालून बूच बसवत होतास. मी वरून नळ सोडला. तेव्हा एकट्याने पडून राहू नकोस."

आतून श्रीधररावांचं हसू ऐकू आलं, आधी नाकातून, मग मोठ्याने, खोकला येईपर्यंत. शकुनताईंनी डोळे पुसले आणि चहा पुन्हा टाकला. या वेळी तीन कप.

सौरभने विहीर उपसणारी चार माणसं आणली. पहाटेच्या कॅनिंग लोकलने ती बालीगंजला उतरत आणि सातला अंगणात हजर. पहिल्या दिवशी पंपाने पाणी काढलं, मग दोन दिवस टोपल्या वर येत राहिल्या. अंगणात गोणपाटांवर पांढुरक्या मातीचे ढीग झाले. मातीत तांब्याच्या तारेचे बारीक आकडे सापडत होते, हिरवे पडलेले, सगळे एकाच वळणाचे. सोंड मोडू नये म्हणून आत घालतात ती तार. शकुनताईंनी पहिल्या शंभर तारा मोजल्या आणि पुढे नुसत्याच डब्यात टाकल्या.

"बौदी, ये मिट्टी फेंक देगा?" सौरभने विचारलं.

"हात मत लगाना," श्रीधरराव म्हणाले. त्यांनी एक गोळा उचलला, पाणी लावून मळला, अंगठ्याने ओढून पाहिला. वर्षानुवर्षं पाण्यात निथळून निवळलेली माती, एक खडा नाही. "शकुन, इतका लोण्यासारखा शाडू पेणहूनसुद्धा येत नाही गं."

भावजींनी टाकीला नवा फ्लोट बसवला. पाइप काढून टाकला, आणि त्याबद्दल कुणी काही बोलू नये अशा चेहऱ्याने तो अडगळीत ठेवला. भिंतीवरच्या ओलाव्याची कड दर दिवशी आठ बोटं खाली उतरली. तीस मेला तळघर कोरडं होतं. शकुनताईंनी शेवटची रेघ जमिनीलगत मारली आणि वही भावजींच्या हातात दिली. त्यांनी ती पाहिली, जिना चढायला लागले आणि अर्ध्या वाटेवरून, मागे न बघता म्हणाले, "ट्रक नको म्हणून सांगितलंय कालच."

जून उजाडला. श्रीधररावांनी चैत्रात आलेलं एकही पोतं उघडलं नाही. विहिरीतल्या मातीचा पहिला गणपती त्यांनी पाटावर बसवला, तारही जुन्यातलीच निवडून, घासून सोंडेत घातली. अठरा दिवस ते त्याला हात लावायचे नाहीत, नुसते पाहून यायचे. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी शकुनताईंना खाली बोलावलं. बाहेर पाऊस कोसळत होता, रस्त्यावरून जाणाऱ्यांचे भिजलेले पाय खिडकीतून दिसत होते. भिंत कोरडी होती.

श्रीधररावांनी मूर्तीच्या पाठीला अंगठा लावून दाबला, उचलला. ठसा उमटला नाही.

"तू बघ."

शकुनताईंनीही बघितलं. मग त्या म्हणाल्या, "अहो, पण यंदा विसर्जन कुठे करायचं? विहिरीत तर नाही ना आता?"

मूर्तीच्या पाटावरून श्रीधररावांनी हात फिरवला.

"बाबा सांगायचे, विसर्जनाहून रिकामा पाट घेऊन यायचं नाही. माती परत आणायची. मला वाटायचं, रीत आहे, चिमूटभर आणली की झालं. ते सगळीच आणायला सांगत होते गं. मी चिमूट आणत राहिलो आणि बाकीचा देव तिथेच टाकून येत राहिलो."

शकुनताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"टब लागेल मग," त्या म्हणाल्या. "मोठा. चोवीस गणपती आहेत."

"चोवीस टब," श्रीधरराव म्हणाले. "ज्याची माती त्याला परत द्यायची. पुढच्या चैत्रात प्रत्येकाने आपली घेऊन यायची."

शकुनताईंनी वहीचं नवं पान उघडलं आणि चोवीस घरांची नावं लिहायला घेतली.